संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या मुलींसाठी : दहावीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

हा लेख दहावी झालेल्या, अकरावी-बारावीत शिकणाऱ्या किंवा नुकत्याच पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींसाठी आहे. ज्यांच्या घरात आजवर कोणी अभियांत्रिकीला किंवा संगणकशास्त्राला गेलेले नाही, त्यांना तो विशेष उपयोगी पडावा. महाराष्ट्रातील प्रवेशप्रक्रिया समोर ठेवून तो लिहिला आहे. प्रवेशाच्या दिवसांत मुलींशी आणि त्यांच्या पालकांशी बोलताना असे दिसते की, मुलीची वाट प्रत्यक्ष प्रवेशपरीक्षेत फार क्वचित अडते. अकरावीला गणित सोडण्याचा निर्णय, वेळेत न निघालेला उत्पन्नाचा दाखला, 'एवढ्या लांब कशाला पाठवायची' हे घरातल्या कोणाचे तरी वाक्य आणि पहिल्या सत्रात प्रयोगशाळेतल्या इतरांना पाहून 'हे आपल्याला जमणार नाही' असा करून घेतलेला समज, या चार जागी ती अधिक अडते. या जागा आधीपासून माहीत असतील तर त्या प्रत्येक जागेची तयारी करता येते.

पायरी पहिली : संगणकशास्त्र म्हणजे नेमके काय, हे स्वतः करून पाहा

२००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत संगणक पोहोचवला, हे खरे आहे. पण त्यामुळेच बऱ्याच घरांत 'मुलीचा कॉम्प्युटर झाला' असे समजून विषय तिथेच संपवला जातो. एमएस-सीआयटी आणि सरकारी टायपिंगची प्रमाणपत्रे संगणक वापरायला शिकवतात. संगणकाला काम कसे सांगावे, तेच काम कमी वेळात आणि कमी जागेत कसे व्हावे, हजारो लोकांची माहिती न चुकता कशी साठवावी, हे प्रश्न संगणकशास्त्राचे आहेत, आणि त्यांत टायपिंगच्या वेगाला काडीचेही महत्त्व नाही.

हा विषय आपल्याला आवडतो की नाही, हे कोणाला विचारून कळणार नाही. शाखा निवडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास काढून एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाहावा. भाषा पायथन घ्यावी. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडूनही सुरुवात करता येते. इंग्रजी व्हिडिओ समजायला जड जात असतील, तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातले धडे पाहावेत. ते साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत, विनामूल्य आहेत आणि अनेक विषयांवर मराठी आवाजातही उपलब्ध आहेत. धडा ऐकता ऐकता, मध्ये थांबवून, तेच आपल्या हाताने करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे.

प्रोग्रॅमचा विषय मात्र पुस्तकातला नको, घरातला घ्यावा. आईच्या बचत गटाचा हिशेब हा माझ्या मते उत्तम विषय आहे. समजा गटात १२ महिला आहेत आणि प्रत्येकीने दरमहा २०० रुपये भरायचे आहेत. पहिल्या दोघींच्या रकमा विचारून त्यांची बेरीज छापणारा प्रोग्रॅम लिहिला, तर उत्तर ४०० येईल अशी तुमची अपेक्षा असेल; प्रत्यक्षात पडद्यावर २००२०० असे दिसेल. संगणक बिघडलेला नाही. पायथनमध्ये कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट आधी मजकूर म्हणून येते, आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक जोडणे. त्या मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करण्याची सूचना दिली, की उत्तर ४०० येते. (जाता जाता : तीच रक्कम देवनागरी अंकांत '२००' अशी लिहून दिली, तरी पायथन ते रूपांतर बिनतक्रार करतो. एकदा करून पाहाच.)

यापुढचा टप्पा कर्जाचा. गटाने एका सदस्येला ५,००० रुपये दिले आणि व्याज महिना २ टक्के असेल, तर पहिल्या महिन्याचे व्याज १०० रुपये होते. तिने १,००० रुपये मुद्दल फेडले, की पुढच्या महिन्याचे व्याज ४,००० रुपयांवर, म्हणजे ८० रुपये. ही आकडेमोड प्रोग्रॅमने प्रत्येक महिन्यासाठी करायची आहे. मग प्रश्न सुटू लागतात तसे नवे उभे राहतात. एखादीने हप्ता चुकवला तर? एकाच नावाच्या दोघी गटात असतील तर? रकमेच्या जागी कोणी चुकून नाव लिहिले तर? यांपैकी एखाद्या प्रश्नामागे लागून तुमचा तास कसा गेला हे कळले नाही, तर हा विषय तुम्हाला मानवतो असे खुशाल समजा. तीन आठवडे मन लावून करूनही कंटाळाच आला, तर तेही वेळेत कळलेले बरे. वर्तमानपत्रात छापलेल्या पगाराच्या आकड्यावरून शाखा निवडण्यापेक्षा ही परीक्षा अधिक खरी आहे.

पायरी दुसरी : अकरावीत गणित सोडू नका

दहावीला चांगले गुण मिळालेल्या मुलीला 'बी ग्रुप घे, नीट दे', म्हणजे गणित सोडून जीवशास्त्र घे आणि वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दे, असा सल्ला सर्रास मिळतो, आणि गणिताची थोडी धास्ती असेल तर तो सोयीचाही वाटतो. परंतु भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय बारावीला नसतील, तर राज्यातल्या अभियांत्रिकी पदवीच्या नेहमीच्या प्रवेशाला मुलगी पात्रच ठरत नाही. पुढे मत बदलले तरी बारावीनंतर तो दरवाजा उघडणे फार कठीण जाते. निर्णय पक्का होत नसेल, तर गणित ठेवून जीवशास्त्रही घेण्याची सोय बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत असते. अभ्यासाचा भार वाढतो, पण दोन्ही वाटा खुल्या राहतात.

काही कनिष्ठ महाविद्यालयांत 'कॉम्प्युटर सायन्स' हा २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय असतो. तो घेतल्यास दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. तो चांगला आहे, पण अनिवार्य नाही. तो न घेतल्यामुळे पुढे काही अडत नाही. वाणिज्य शाखेतल्या मुलींनीही गणिताचा पर्याय असेल तर तो ठेवावा, याचे कारण पुढच्या पायरीत येईल.

पायरी तिसरी : अभ्यासक्रमांतला फरक समजून घ्या

'कॉम्प्युटरला घातली' या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळे अभ्यासक्रम एकत्र कोंबलेले असतात, आणि त्यांचा खर्च, कालावधी आणि प्रवेशाचा मार्ग एकमेकांपासून पुष्कळ वेगळा आहे.

दहावीनंतर तंत्रनिकेतनातून संगणक अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका करता येते. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी परीक्षा नसते, आणि पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. लातूर, तासगाव आणि यवतमाळ येथे मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतने आहेत. मुलीला शहरात एकटी ठेवण्याबद्दल घरच्यांची धाकधूक असेल, तर हा मार्ग आवर्जून पाहावा. पदविकेला जाणे म्हणजे 'बारावी झेपणार नाही' अशी कबुली देणे, हा समज सोडून द्यावा. पदविकेवरून आलेल्या मुलींचा प्रत्यक्ष कामावरचा हात बारावीवरून आलेल्यांपेक्षा बहुधा अधिक बसलेला असतो. मात्र दुसऱ्या वर्षाचे गणित त्यांना जड जाते. त्याची तयारी आदल्या सुट्टीतच करावी.

बारावी विज्ञाननंतरची सर्वांत परिचित वाट म्हणजे चार वर्षांची बीई किंवा बीटेक. पुण्याचे कमिन्स कॉलेज हे १९९१ पासून केवळ मुलींसाठी चालणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि मुंबईत जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाची उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था आहे. केवळ मुलींचे महाविद्यालय निवडावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की, शाखा आणि शिक्षणाचा दर्जा सारखा असेल तर हा मुद्दा गौण मानावा, पण प्रयोगशाळेत, स्पर्धांत आणि विद्यार्थी मंडळांत प्रत्येक जबाबदारी मुलींनीच पार पाडायची असते, ही अशा महाविद्यालयाची मोठीच जमेची बाजू आहे. भाषेची भीती असेल त्यांच्यासाठी हेही सांगायला हवे की, पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम मराठी माध्यमातून सुरू केला.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ज्याला पुण्याकडे सगळे 'बीसीएस' म्हणतात, आणि बीसीए हे पदवी अभ्यासक्रम अभियांत्रिकीपेक्षा कमी खर्चाचे आहेत आणि तालुक्याच्या महाविद्यालयातही सापडतात. बीसीएला वाणिज्य किंवा कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. २०२४-२५ पासून बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीईच्या) कक्षेत आल्यामुळे त्यासाठी राज्यात स्वतंत्र सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेशपरीक्षा, होते, ही गोष्ट अजूनही अनेक पालकांना प्रवेशाच्या दारात गेल्यावर कळते. या पदव्यांनंतर दोन वर्षांची एमसीए ही पदव्युत्तर पदवी केली, की कंपन्यांच्या भरतीत बीई झालेल्यांबरोबर उभे राहता येते. दुसऱ्याच विषयात पदवी घेतलेल्या मुलीलाही एमसीएकडे वळता येते, परंतु त्यासाठी बारावीला किंवा पदवीला गणित असावे लागते. वर वाणिज्य शाखेच्या संदर्भात जे म्हटले, ते यासाठीच.

आणखी एक वाट तुलनेने नवी आहे. मद्रासच्या आयआयटीने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई, म्हणजे आयआयटीची नेहमीची प्रवेशपरीक्षा, लागत नाही. आधी काही आठवड्यांचे धडे आणि त्यावरची पात्रता परीक्षा, अशी प्रवेशाची पद्धत आहे. व्याख्याने घरबसल्या पाहायची आणि परीक्षा मात्र नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कात मोठी सवलत आहे, आणि टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र घेऊन थांबताही येते. ज्या मुलीला घर सोडणे खरोखरच शक्य नाही, तिने जवळच्या महाविद्यालयातल्या पदवीबरोबर हा अभ्यासक्रम करण्याचा विचार करावा. अभ्यासाचा बोजा मात्र कमी नाही.

पायरी चौथी : सीईटी, ऑप्शन फॉर्म आणि मुलींच्या जागा

राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या गणित गटाची परीक्षा २०० गुणांची असते. त्यांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. मराठी माध्यमाच्या मुलींसाठी महत्त्वाचे म्हणजे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतून मिळू शकतात, परंतु गणिताचे प्रश्न इंग्रजीतच असतात. तेव्हा गणितातल्या इंग्रजी संज्ञांचा सराव अकरावीपासूनच ठेवावा.

परीक्षेइतकाच, किंबहुना अधिक, घोळ ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याच्या अर्जात, होतो. आदल्या वर्षीचे कटऑफ डाउनलोड केले, की त्यात सांकेतिक अक्षरांचे रकाने दिसतात. 'जी'ने सुरू होणारे रकाने सर्वसाधारण जागांचे, आणि 'एल'ने सुरू होणारे रकाने मुलींसाठी राखीव असलेल्या जागांचे. राज्यातल्या या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. अनेक मुली केवळ 'जी'चा आकडा पाहून 'इथे आपला नंबर लागणार नाही' असे ठरवतात आणि ते महाविद्यालय यादीतच घालत नाहीत. दोन्ही आकडे पाहावेत आणि मगच ठरवावे. शेवटचे अक्षर विद्यापीठाच्या क्षेत्राबद्दल सांगते : 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले उमेदवार, 'ओ' म्हणजे बाहेरचे, आणि 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा.

पसंतीक्रम लावताना जे महाविद्यालय सर्वांत अधिक हवे आहे ते सर्वांत वर, मग ते मिळण्याची शक्यता कमी का असेना, हाच नियम पाळावा. वरचे पर्याय लिहिल्यामुळे खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत सुधारणेला वाव राहत नाही. त्यामुळे 'सेफ राहू या' म्हणून मधल्या दर्जाचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात; ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावेत. फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतला, तरी पासवर्ड आणि नोंदलेला मोबाइल क्रमांक आपलाच असावा.

जेईईतून आयआयटीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे वेगळे आहे. आयआयटींमध्ये मुलींची संख्या फारच थोडी असल्यामुळे २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या, आणि २०२० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. अधिसंख्य याचा अर्थ ज्यादा. मुलग्यांच्या जागा कमी करून त्या दिलेल्या नाहीत. 'तुला काय, मुलगी म्हणून मिळाली' हे वाक्य महाविद्यालयात कधी ना कधी ऐकावे लागते; ऐकवणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो. तुम्हाला ठाऊक असू द्या.

पायरी पाचवी : पैसे आणि कागदपत्रे

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून मिळेल. अनुसूचित जाती आणि जमातींसाठीच्या योजना आधीपासून वेगळ्या आहेत. या निर्णयातली मेख अशी की, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा अभिमत आणि खाजगी विद्यापीठातल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही. जूनमध्येच 'आमच्याकडे आजच जागा पक्की करा' म्हणून फोन करणाऱ्यांना होकार देण्यापूर्वी एवढे एक वाक्य आठवावे, कारण घाईत घेतलेल्या त्या जागेची किंमत चार वर्षांची पूर्ण फी इतकी पडू शकते. शिवाय शिक्षण शुल्क माफ झाले म्हणजे सगळेच माफ झाले असे नाही. वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि प्रवास हा खर्च उरतोच, आणि तो आधीच मांडून ठेवावा.

या उरलेल्या खर्चासाठी तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती उपयोगी पडते. पदविकेच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना ती दरवर्षी ५०,००० रुपये देते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे, आणि एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंतच लाभ मिळतो. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो, तर राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटीवर. ही दोन ठिकाणे वेगळी आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, या योजनांची चौकशी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्याच आठवड्यात करावी. याखेरीज प्रत्येक अभ्यासक्रमात ५ टक्के अधिसंख्य जागा शुल्कमाफी योजनेच्या असतात. त्यांचा पर्याय ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा निवडावा लागतो.

हे सगळे कागदांवर अवलंबून आहे, आणि कागद काढण्याची वेळ निकालानंतरची नाही. बारावीची परीक्षा संपली, की लगेच तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी सेतू केंद्रात अर्ज करावा. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून त्याचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव अक्षरशः सारखे असावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी 'बाळासाहेब' आणि दुसऱ्या ठिकाणी 'भाऊसाहेब', एवढ्यावरून शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. बँक खाते मुलीच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले हवे. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो, जो दुसऱ्या वर्षी हमखास विसरला जातो.

पायरी सहावी : घरच्यांशी बोलणे

या पायरीबद्दल माहितीपुस्तिकेत काही नसते. घरच्यांचा विरोध बहुधा विषयाला नसतो. अंतर, सुरक्षितता आणि लग्नाचे वय, या तीन गोष्टी त्यांच्या मनात असतात, आणि त्यांना मोघम आश्वासनाने उत्तर देऊन उपयोग होत नाही. वडिलांना वसतिगृहाचे नाव, तिथल्या अधीक्षिकेशी बोलण्याची वेळ, रात्री परतण्याची मर्यादा, एसटीने लागणारा वेळ आणि वर्षभराचा खर्च हे सर्व एका कागदावर लिहून दाखवावे. शक्य असेल तर प्रवेश पक्का करण्यापूर्वी आईला सोबत घेऊन महाविद्यालय आणि वसतिगृह पाहून यावे. वसतिगृह पाहिलेली आई घरात तुमच्या बाजूने बोलू लागते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आपल्याच तालुक्यातली, त्याच शाखेत दोन वर्षे पुढे असलेली एखादी ताई शोधून तिची आणि आईची गाठ घालून द्यावी. काका-मामांच्या दहा सल्ल्यांपेक्षा तिचे अर्ध्या तासाचे बोलणे अधिक उपयोगाचे ठरते.

पायरी सातवी : पहिले वर्ष टिकवून नेणे

पहिल्या सत्राच्या प्रयोगशाळेत काही मुले आधीच प्रोग्रॅमिंग शिकून आलेली असतात. शिक्षकांनी प्रश्न विचारायचा अवकाश, की त्यांचे उत्तर तयार. ज्या मुलीने लॅपटॉप पहिल्यांदाच हातात घेतला आहे, तिला ही सगळी हुशारी वाटते. प्रत्यक्षात तो केवळ सरावाचा फरक असतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात नेमक्या याच प्रश्नाचा अभ्यास झाला. तिथे संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला १९९५ मध्ये केवळ ७ टक्के मुली होत्या. पूर्वानुभव असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठी सुरुवातीचे वर्ग वेगळे केले, आणि प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिले जाणारे महत्त्व कमी केले, तेव्हा २००० साली हेच प्रमाण ४२ टक्क्यांपर्यंत गेले. अभ्यासक्रम सोपा करावा लागला नाही. आपल्याकडची महाविद्यालये अशी व्यवस्था करतीलच असे नाही. पण आपण मागे नसून उशिरा सुरुवात केली आहे, एवढे समजून पहिले सहा महिने रोज हाताने प्रोग्रॅम लिहिले, तर हा फरक बराचसा भरून निघतो.

गटात प्रकल्प करताना अहवाल लिहिणे, फाइल सजवणे आणि सादरीकरण करणे ही कामे मुलींकडे येतात आणि प्रोग्रॅम मुले लिहितात, ही वाटणी जवळपास प्रत्येक महाविद्यालयात दिसते. पहिल्याच बैठकीत 'हा भाग मी लिहिणार' असे स्पष्ट सांगावे, आणि तो भाग आपल्या नावाने गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम साठवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवावा. तोंडी परीक्षेत आणि पुढे मुलाखतीत विचारतात ते तेच. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिअॅक या संगणकाचे प्रोग्रॅमिंग सहा महिलांनी केले होते, याची आठवण हवी तर गटातल्या मित्रांना करून द्यावी.

लॅपटॉप घ्यायचा झाला तर ८ जीबी रॅम असलेला वापरलेला लॅपटॉपही पहिल्या दोन वर्षांना पुरतो. त्यावर उबुंटू ही विनामूल्य कार्यप्रणाली घातली की तो बऱ्यापैकी चालतो. इंग्रजीच्या बाबतीत, वाचणे आधी, बोलणे नंतर. त्रुटीसंदेश शब्दशः वाचण्याची सवय लावली, की तांत्रिक इंग्रजीचा मोठा भाग आपोआप अंगवळणी पडतो.

पायरी आठवी : पहिली नोकरी

दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपचा शोध सुरू करावा. घरून करता येण्याजोग्या, मानधन देणाऱ्या संधींमध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांवर काम देणारे आउटरीची आणि गूगल समर ऑफ कोड हे उपक्रम खात्रीचे आहेत. प्रशिक्षणासाठी किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणून पैसे मागणारी इंटर्नशिप वा नोकरी ही नोकरी नव्हे. तिथे एक रुपयाही भरू नये. महाविद्यालयात मोठ्या कंपन्या येत नसतील, तर पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा महाराष्ट्रातला रुळलेला मार्ग आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिथे दिवसभर प्रयोगशाळेत बसावे लागते, पण अभ्यासक्रमाअखेरच्या भरतीला कंपन्या येतात. प्रोग्रॅमिंगच आयुष्यभर करायला हवे असेही नाही. चाचणी, डेटाबेस, नेटवर्क, सायबर सुरक्षा, अध्यापन आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रासारख्या सरकारी संस्थांतली पदे हीदेखील याच शिक्षणातून मिळतात.

नेमणूकपत्र हाती आले, की सही करण्यापूर्वी ते सावकाश वाचावे. बाँड किती महिन्यांचा, सोडताना किती रक्कम भरावी लागेल, नेमणूक कोणत्या शहरात आणि पाळी कोणती, हे चार मुद्दे त्यात शोधावेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तिच्या अध्यक्ष महिलाच असतात, आणि तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीतल्या सदस्यांची नावे कार्यालयात लावलेली असतात. रुजू झाल्यावर ती कुठे आहेत ते पाहून ठेवावे. पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय द्यावी लागते. बाविसाव्या वर्षी हे वाचून हसू येईल. पण लग्नानंतर किंवा मुलानंतर नोकरी सोडणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणींना आपल्याला काय काय मागता आले असते, हे ठाऊकच नसते.

मध्ये काही वर्षे खंड पडलाच, तर काही मोठ्या कंपन्या परत येणाऱ्या महिलांसाठी स्वतंत्र भरती करतात. अर्जात तो खंड लपवू नये. त्या काळात शिकलेली एखादी नवी गोष्ट आणि गिटहबवरचा एखादा ताजा प्रकल्प समोर ठेवावा, आणि मुलाखतीला जाण्यापूर्वी आपण सोडले तेव्हापासून त्या तंत्रज्ञानाची कोणती आवृत्ती वापरात आली, एवढे तरी पाहून जावे.